शब्दवेध : अंतःकरण

चाकणच्या शॉपफ्लोअरवर ‘टूल’ म्हणतात, पुस्तकात ‘उपकरण’. मराठी बायबलमधलं ‘अंतःकरण’ त्याच ‘कृ’ धातूचं. करण म्हणजे साधन. वेदान्तात मन, बुद्धी, चित्त, अहंकार मिळून हे आतलं साधन होतं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू शुद्धता मागतो ती अंतःकरणाची. मार्कच्या सातव्या अध्यायात, शिष्य हात न धुता जेवले म्हणून परुशी हे कर्मठ यहुदी हटकतात, तेव्हा तो विटाळाचा उगमच आत दाखवतो; सोवळ्याओवळ्यात मुरलेल्या मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये.

या शब्दावरचा एक आक्षेप रास्त आहे : वेदान्तात मळतं ते साधन, आत्मा निर्लेप राहतो, ख्रिस्ती शिकवणीत मात्र पाप हृदयातूनच उगवतं, माणूस अंग काढून घेऊ शकत नाही. मग बायबलमधल्या ग्रीक ‘कार्दिया’साठी, म्हणजे हृदयासाठी, हा शब्द चुकला का? मला तसं वाटत नाही. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीपेक्षा वापर ठरवतो, आणि बोलीत अंतःकरण पिळवटतं, द्रवतं. तिथे साधन कुणाला आठवतं? पिंपरीजवळच्या देहूत तुकोबांनी बाह्य सोंगापेक्षा चित्तशुद्धी थोर मानली, तीही संपूर्ण माणसाची. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानत.