दाणा, गवत आणि तीन दरपत्रके

परवा माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. तालुक्याच्या गावी त्याचे स्टेशनरीचे दुकान आहे आणि हल्ली तो सरकारी कचेऱ्यांना माल पुरवतो. २०१६ साली केंद्र सरकारने 'जेम' नावाचा ऑनलाइन बाजार सुरू केला, त्यात त्याने नाव नोंदवले आहे. त्याचे प्रशिक्षणही घेऊन आला. माल कसा दाखवायचा, बोली कशी लावायची, कोणते कागद जोडायचे, सगळे शिकवले म्हणाला. मी सहज विचारले, "आणि पैसे कधी मिळतात?" तो हसला. "सर, तेवढं सोडून सगळं शिकवतात."

तो गेल्यावर मला दोन गोष्टी आठवत राहिल्या. एक साडेतीनशे वर्षांपूर्वीची आणि दुसरी माझ्याच एका सहीची.

आधी जुनी सांगतो. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात शिवाजी महाराजांच्या घोडदळाचा तळ चिपळूणजवळ हलवर्ण येथे होता. तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. वाचकहो, आपण सगळ्यांनी ते शाळेत ऐकलेले असते. मी ते तीस वर्षे 'महाराजांचे रयतेवरील प्रेम' या मथळ्याखाली शिकवले. उंदीर दिव्याची जळती वात पळवतील, गवताला आग लागेल, ही त्यातली सूचना मुलांना फार आवडायची, त्यामुळे तास तिथेच रंगायचा. निवृत्तीनंतर पुन्हा निवांत वाचले तेव्हा लक्षात आले, अरे, हा तर सरकारी खरेदीचा नियम आहे!

पत्राचा मथितार्थ असा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण तुम्ही आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरचा दाणा, कुणाचे गवत, कुणाची लाकडे, कुणाची भाजी उचलू लागाल. कुणबी घरदार सोडून जातील, आणि त्यांना वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. तेव्हा जे लागेल ते बाजारात जाऊन विकत आणा, जुलूम करू नका, भांडण करू नका.

आता यातली खरी मेख पाहा. हे सांगण्याआधी महाराज आठवण करून देतात की खजिन्यातून तुमच्या वाटण्या तुम्हाला दिलेल्या आहेत. म्हणजे पैसा आधी, खरेदी नंतर. ज्या सैनिकाच्या कनवटीला पैसे नाहीत त्याला 'विकत घे' म्हणून सांगण्यात काय अर्थ? आणि पत्रात नुसता हुकूम नाही, तर असे का करायचे ते हवालदाराला समजेल अशा भाषेत फोडून सांगितले आहे. आजच्या भाषेत त्यालाच प्रशिक्षण म्हणायचे. हे मी वर्गात एकदाही सांगितले नाही याची आता चुटपुट लागते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही असेच एक प्रकरण आहे. १७१५-१६च्या सुमाराचा हा ग्रंथ. आरमाराला डोलकाठ्या, सोट, फळ्या असे नाना प्रकारचे लाकूड लागायचे. त्यासाठी सागासारखी झाडे राज्यातल्या रानातून परवानगीने तोडावीत, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस मात्र रयतेने वर्षानुवर्षे लेकरासारखे वाढवलेले असतात, त्यांना हात लावू नये. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. धन्याचा 'संतोष' ही खरेदीची अट! हल्लीच्या कुठल्या निविदेत हा शब्द सापडेल का, शोधून पाहावे.

या दोन्ही ठिकाणी भीती एकच आहे. घेणारा बलवान आणि विकणारा दुबळा. घेणाऱ्याच्या कमरेला तलवार असते, म्हणून नियमाने त्याचाच हात धरायचा.

पुढे काळ पालटला. इंग्रजी अमदानीत सरकारला लागणारा बराचसा माल लंडनमार्फत यायचा. इथल्या कारखानदारांची त्यावर तक्रार होती. १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट निघाले आणि इथल्या इथे खरेदी करायला नीट यंत्रणा मिळाली. स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच जीप प्रकरण घडले. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू होती, सैन्याला गाड्यांची निकड होती. लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. आल्या त्या १५५ जीप, आणि त्याही कामाच्या निघाल्या नाहीत. खूप गदारोळ झाला. १९५५ साली सरकारने प्रकरण बंद केले आणि १९५६ साली मेनन मंत्रीही झाले. असो.

अशा अनुभवांनंतर नियम कडक झाले तर नवल नाही. सामान्य वित्तीय नियम १९४७, १९६३, २००५ आणि २०१७ असे पुन्हा पुन्हा लिहिले गेले. त्यात पुरवठादाराला न्याय्य वागणूक द्यावी असेही म्हटले आहे. पण नियम वापरणाऱ्याच्या मनात मुख्य संशय विकणाऱ्याचाच असतो. तलवार गेली, तिच्या जागी 'बिल' नावाचा कागद आला. तो अडवून धरला की समोरचा माणूस तितकाच दुबळा होतो. म्हणून तर २००६ साली लहान उद्योगांसाठी कायदा करावा लागला: फार तर ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्या. कायदा चांगला आहे. पण ज्याला पुन्हा त्याच कचेरीत माल द्यायचा आहे तो व्याज मागायला जाईल का?

आता माझ्या सहीचे.

१९८७ साली मी ज्या शाळेत होतो तिथे खरेदी समिती होती. मुख्याध्यापक, लेखनिक आणि मी. त्या वर्षी प्रयोगशाळेचे सामान घ्यायचे होते. शहरातल्या एका दुकानदाराने स्वतःचे दरपत्रक आणून दिले आणि सोबत, आमची सोय म्हणून, आणखी दोन दुकानांचीही दिली. तीन वेगवेगळी लेटरहेड, पण टाइप एकाच यंत्रावर केलेली. तिन्हींवर 'क' हे अक्षर ओळीच्या किंचित वर बसलेले होते. आम्हा तिघांनाही ते दिसले. तीन दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, तीन सह्या. मार्चअखेरच्या आत बिल मंजूर झाले.

त्याच वर्षी गावातल्या सुताराकडून तीस बाक करून घेतले होते. मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितले आणि त्याने बाभळीचे लाकूड वखारीतून उधारीवर आणून दोन महिन्यांत बाक उभे केले. दर शहरापेक्षा बराच कमी. पण गावात दुसरा सुतार नव्हता, मग तीन दरपत्रके आणणार कुठून? त्याच्याकडे छापील बिलबुकही नव्हते, वहीच्या पानावर लिहून दिले होते. वरच्या कार्यालयाने हरकत काढली आणि खरेदी पद्धतीनुसार झाली आहे काय, असा खुलासा समितीकडे मागवला. अक्षर चांगले म्हणून खुलासा मी लिहिला. 'पद्धतीनुसार झालेली नाही.' खोटे काहीच नव्हते. बाक मजबूत आहेत, दर कमी आहे, वर्ग त्यावर बसले आहेत, हेही लिहिता आले असते. विचारले नव्हते, म्हणून लिहिले नाही. आणि त्याच महिन्यात सातवीच्या वर्गात मी हलवर्णचे पत्र शिकवत होतो, मुले माझ्याच समोर त्या नव्या बाकांवर बसलेली.

सुतार दर शनिवारी शाळा सुटताना फाटकापाशी यायचा. पैशाचे नाव काढायचा नाही. "गुरुजी, बाक हलत न्हाईत ना?" एवढेच विचारायचा.

चौदा महिन्यांनी चेक आला. तोपर्यंत त्याने व्याजाने पैसे काढून वखारीची उधारी फेडली होती. तो चेक घेऊन गेला, त्यानंतर शाळेच्या कामाला कधी आला नाही. पुढच्या वर्षी आणखी वीस बाक लागले, ते आम्ही शहरातून आणले. तीन दरपत्रके मागवून.