तारापूरचे प्रदूषण : वृत्त, अनुभव आणि नागरिकांचा प्रतिसाद

वृत्तपत्रे वाचकाचे मत घडविण्यापेक्षा त्याने कोणत्या विषयाकडे लक्ष द्यावे हे अधिक ठरवितात, असा सिद्धांत मॅककोम्ब्स व शॉ यांनी अमेरिकी मतदारांच्या अभ्यासावरून १९७२ साली मांडला. पर्यावरणाच्या प्रश्नासही तो लावला जातो. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरचा इतिहास पाहता मात्र त्यास एक मर्यादा घालणे प्राप्त होते.

तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे बोईसरनजीक औद्योगिक वसाहत उभी राहून तीत रसायने, रंगद्रव्ये व औषधे यांचे कारखाने वाढले. त्यांच्या सांडपाण्याचा निचरा नवापूरच्या समुद्राकडे होऊ लागला. किनाऱ्यावरील मच्छीमारांस पाण्याचा रंग, त्याचा दर्प आणि जाळ्यातील मासळी यांवरून पालट कळत होता; त्यासाठी त्यांस वृत्तपत्राची आवश्यकता नव्हती.

बाहेरच्या वाचकाची गोष्ट निराळी. मार्च २०१८ व जानेवारी २०२० मधील स्फोटांत कामगार मृत्यू पावले आणि ती वृत्ते तत्काळ सर्वदूर पोहोचली. स्फोटास निश्चित तारीख असते व मृतांची संख्या सांगता येते. खाडी हळूहळू निकृष्ट होते, तेव्हा वृत्तास लागणारे असे काहीच हाती नसते.

ही उणीव दोन गोष्टींनी भरून निघाली. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. तक्रारीचे गाऱ्हाणे त्यामुळे न्यायालयीन अभिलेखात उतरले. दुसरी गोष्ट केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकाची. ७० वा त्याहून अधिक गुण म्हणजे अतिगंभीर प्रदूषण. २००९ साली तारापूरचे गुण ७२.०१ होते; २०१८ च्या मोजणीत ते ९३.६९ झाले व ही वसाहत देशात पहिली आली. कोळ्याच्या अनुभवास जे स्थान वृत्तात मिळाले नव्हते, ते या आकड्यास सहज मिळाले.

तेव्हा येथे माध्यमांनी जाणीव निर्माण केली, असे म्हणता येत नाही. आधीच असलेल्या जाणिवेस त्यांनी बाहेरच्या जगात वजन दिले, आणि तेही दावा व आकडा सिद्ध झाल्यावर. यावरून संशोधकाने घ्यावयाचा बोध उघड आहे. केवळ वृत्तपत्रांची कात्रणे पाहिली, तर तारापूरचा इतिहास स्फोटांचाच ठरेल. आणि वृत्तपत्र वाचणाराच जागरूक असे गृहीत धरून प्रश्नावली केली, तर ज्यांनी सर्वांत आधी ओळखले तेच उदासीन गणले जातील.