शब्दांची संगत: इंग्रजी क्रियापदांच्या सहप्रयोगाचा इतिहास

इंग्रजीतील क्रियापद एकटे क्वचितच वावरते. ‘मेक’ला ‘मिस्टेक’ हे नाम चालते, ‘डू’ला चालत नाही, ‘डिपेंड’ला ‘ऑन’ हवे असते, ‘गिव्ह’ला ‘अप’ जोडले की देण्याचा अर्थ मावळून सोडण्याचा अर्थ उमटतो. या जोड्या व्याकरणाच्या सामान्य नियमांतून निष्पन्न होत नाहीत आणि सुट्या शब्दार्थांच्या बेरजेतूनही हाती लागत नाहीत. मातृभाषकाला त्या अंगवळणी पडलेल्या असल्यामुळे दिसत नाहीत. परभाषकाला मात्र त्या प्रत्येक वाक्यात अडवतात. म्हणूनच या सहप्रयोगांच्या अभ्यासाचा इतिहास बऱ्याच अंशी इंग्लंडबाहेर घडला, ही बाब तौलनिक अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

या रचनेची मुळे जुनी आहेत. प्राचीन इंग्रजीत अनेक अव्यये उपसर्गाप्रमाणे क्रियापदापूर्वी येत. मध्ययुगीन इंग्रजीत त्या उपसर्गांपैकी बरेचसे क्षीण झाले आणि क्रियापदानंतर येणाऱ्या अव्ययांचा वापर वाढत गेला. ‘टेक’ हे क्रियापदच मुळी स्कँडिनेव्हियन संपर्कातून आलेले. त्याने ‘निमन’ या देशी क्रियापदाला हळूहळू विस्थापित केले आणि पुढे असंख्य जोड्यांचा भार वाहिला. सॅम्युएल जॉन्सन याने 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेत अव्ययजोड क्रियापदांचा स्वतंत्र उल्लेख केला. परकीयांना सर्वाधिक अडचण याच प्रयोगांची होते, हे त्याने नेमके हेरले होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र लोगन पिअर्सल स्मिथ याच्या 1925च्या ग्रंथामुळे रूढ झाली.

पद्धतशीर संकलनाचे काम टोकियोत झाले. हॅरल्ड पामर 1922 मध्ये जपानला गेला आणि पुढील वर्षी तेथे इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था उभी राहिली. या संस्थेचा इंग्रजी सहप्रयोगांवरील अहवाल 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. जे शब्दसमूह घटकांतून रचण्यापेक्षा अखंड शिकणे श्रेयस्कर, ते सहप्रयोग, अशी त्यामागची व्यावहारिक भूमिका होती. पामरचा सहकारी ए. एस. हॉर्नबी याने गेटनबी व वेकफील्ड यांच्यासह सिद्ध केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला. तेव्हा जपान आणि ब्रिटन परस्परांशी युद्ध करीत होते. क्रियापदांच्या रचनांचे 25 साचे देणारा हाच कोश 1948 मध्ये ऑक्सफर्डने पुनःप्रकाशित केला.

सहप्रयोगाला अर्थसिद्धांतात स्थान दिले ते जे. आर. फर्थ याने. 1928 पर्यंत लाहोरच्या पंजाब विद्यापीठात तो इंग्रजीचा प्राध्यापक होता. 1951च्या निबंधात त्याने सहप्रयोग हा अर्थाचाच एक स्तर मानला: ‘नाइट’च्या अर्थाचा एक अंश ‘डार्क’शी असलेल्या त्याच्या संगतीत आहे. ही परंपरा पुढे जॉन सिंक्लेअर याने बर्मिंगहॅम येथे संगणकीय शब्दसंग्रहावर पारखली. 1987चा कोबिल्ड कोश हे त्याचे फलित होय.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. ‘गप्पा मारणे’, ‘हाक मारणे’, ‘मिठी मारणे’ यांत प्रहार कोठेच नाही; अर्थ नाम वाहते, क्रियापद केवळ त्याला चालते करते. येस्पर्सन याने ‘हॅव अ लुक’सारख्या प्रयोगांतील क्रियापदांना ‘लाइट’ म्हटले, ते हेच. परंतु साम्य तत्त्वात आहे, जोड्यांत नाही. मराठीत लग्न कोणाशी तरी होते, म्हणून ‘मॅरी’पुढे ‘विथ’ येते. चर्चा विषयाबद्दल होते, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येते. खुद्द इंग्रजीतही ‘डिस्कशन’ या नामाला ‘अबाउट’ चालते. तेव्हा अशा प्रयोगाला तर्कहीन म्हणता येत नाही. तो तेथील संकेताला सोडून आहे, एवढेच म्हणता येते.

हा भेद अध्यापनापुरता मर्यादित नाही. ज्याला दोष म्हणावयाचे, तो बुद्धीचा की संकेताचा, हे ठरविताना भाषेवरील अधिकाराचा प्रश्न उपस्थित होतो. भाषांतरातही पर्यायी शब्द सापडतो, पण त्याची संगत सापडत नाही आणि वाक्य परके वाटते. दोन भाषांची तुलना करताना कोशातील शब्दांइतकेच त्यांचे सोबतीही तपासावे लागतात. ते सोबती प्रथम दिसले ते बाहेरून पाहणाऱ्यांच्या गरजेमुळे.