तोंडाला काळं कोण फासतं? लंडनचा ‘जिम क्रो’, मुंबईचा डेव्ह कार्सन आणि आपली स्नेहसंमेलनं

‘तोंडाला काळं फासणं’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गावानं एखाद्याची धिंड काढायची ठरवली की आधी त्याचं तोंड काळं करतात. आंदोलनात एखाद्या अधिकाऱ्याचा निषेध करायचा असला तरी शाईच लागते. काळं म्हणजे बेइज्जती, हे आपल्या भाषेत इतकं मुरलंय की त्यात कोणाच्या कातडीचा अपमान होतोय, हा विचारही मनाला शिवत नाही.

आता हेच काळं एक गोरा माणूस आरशासमोर बसून, बूच जाळून केलेल्या काजळीनं स्वतःच्या हातानं फासतो. ओठ मोठे दिसतील असे रंगवतो, फाटके कपडे चढवतो आणि तिकीट लावून रंगमंचावर नाचतो. लोक पोट धरून हसतात. खेळ संपला की साबणानं तोंड धुतो आणि गल्ला मोजून घरी जातो. याला म्हणतात ब्लॅकफेस. अशा नटांच्या गाण्या-बजावण्याच्या मंडळ्यांना मिन्स्ट्रेल म्हणत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये याच्याइतकी लोकप्रिय करमणूक क्वचितच दुसरी असेल.

‘नांदेड-लातूरच्या माणसाला त्याचं काय?’ असं काही मित्र विचारतील. संबंध आहे, आणि तो मुंबईमार्गे येतो. पण आधी लंडन बघू.

ब्रिटिश रंगभूमीवर काळ्या माणसाचं सोंग जुनंच. १७६८ साली ‘द पॅडलॉक’ या संगीत नाटकात मुंगो नावाचा गुलाम गोऱ्या नटानं तोंड काळं करून रंगवला. चार्ल्स मॅथ्यूज हा नकलाकार अमेरिकेचा दौरा करून आला आणि १८२४ साली त्यानं लंडनमध्ये एकपात्री कार्यक्रम लावला. त्यात एक काळा नट हॅम्लेट करताना शेक्सपिअरचे शब्द कसे मोडतो-तोडतो, याची नक्कल होती. हशा ठरलेला.

यानंतरच्या तीन वर्षांवर माझं बोट आहे. एप्रिल १८३३. आयरा आल्ड्रिज हा अमेरिकेतून आलेला खराखुरा काळा नट लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. प्रख्यात नट एडमंड कीन आजारी पडल्यामुळे ही संधी त्याला मिळाली होती. लंडनच्या काही पत्रांनी त्याला फाडून खाल्लं. गोऱ्या नटीला या माणसानं रंगमंचावर हात लावावा, हेच एका साप्ताहिकाला सहन झालं नाही. दोन प्रयोगांत खेळ आटोपला. त्याच १८३३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी संपवणारा कायदा केला. भरपाईचे दोन कोटी पौंड ठरले ते मालकांना, गुलामांना दमडीही नाही. आणि १८३६ साली टी. डी. राईस हा गोरा अमेरिकन तोंड काळं करून लंडनला आला, ‘जिम क्रो’ नाचला आणि त्याच शहरानं त्याला डोक्यावर घेतलं. पुढे अमेरिकेत काळ्यांना वेगळं ठेवणारे जे कायदे झाले, ते याच विदूषकाच्या नावानं ओळखले गेले.

खरा काळा माणूस राजाच्या पल्लेदार भाषेत बोलतो तर नको, आणि गोऱ्यानं केलेलं त्याचं माकड मात्र हवं. कायद्यानं बेड्या तुटल्या की समाज दुसऱ्या बेड्या घडवायला घेतो, आणि त्या घडवायला हशासारखा कारागीर नाही. १९५० नंतर आपल्याबाबत हे कसकसं झालं, ते वाचकांना माहीत आहे.

हे सगळं कळलं कुठून? बरंचसं वर्तमानपत्रांतून. नाटकाच्या खेळाची फिल्म नव्हती, ध्वनिमुद्रण नव्हतं. राहिल्या त्या जाहिराती, परीक्षणं, पोलीस कोर्टाच्या बातम्या. २०११ पासून ब्रिटिश लायब्ररीतल्या जुन्या पत्रांची पानं इंटरनेटवर शोधता येऊ लागली आणि अभ्यासकांना घबाडच सापडलं. पण हे घबाड फसवंही आहे. त्या काळी पत्रं एकमेकांचा मजकूर बिनदिक्कत उचलत. लंडनची एक ओळ वीस गावांच्या पत्रांत सापडते आणि वाटतं, वीस ठिकाणी खेळ झाला. ज्याला परीक्षण म्हणून वाचावं, ते थिएटरच्या मालकानं पैसे मोजून छापून घेतलेलं कौतुक निघतं. यंत्र जुना टाइप चुकीचा वाचतं, ते वेगळंच. शिवाय ‘क्रो’ शब्द टाकला तर कावळेही हजर होतात.

सगळ्यात बोलकी असते ती बारीक टाइपातली बातमी. मोठ्या थिएटरांची जाहिरात पहिल्या पानावर, पण रस्त्यावर तोंड काळं करून पोटासाठी गाणारा गोरा भिकारी सापडतो तो पोलीस कोर्टाच्या रकान्यात. हेन्री मेह्यू या पत्रकारानं लंडनच्या गरिबांच्या ज्या मुलाखती घेतल्या, त्यात असा एक रस्त्यावरचा काळतोंड्या गवईही आहे. म्हणजे उपाशी गोऱ्यालाही कोणाच्या तरी खालच्या पायरीचं सोंग विकून जगता येत होतं. जातीची उतरंड ज्यानं पाहिली आहे, त्याला यावर भाष्य नको.

काळा प्रेक्षक काय म्हणत होता, हे या पत्रांत जवळजवळ नाही. त्यासाठी फ्रेडरिक डग्लसकडे जावं लागतं. गुलामगिरीतून पळालेला हा माणूस १८४५ ते १८४७ ब्रिटनभर भाषणं देत होता. १८४६ साली ‘इथिओपियन सेरेनेडर्स’ नावाची गोऱ्यांची काळतोंडी मंडळी लंडन गाजवत होती, तेव्हा तो त्याच देशात होता. परत जाऊन त्यानं ‘नॉर्थ स्टार’ हे स्वतःचं पत्र काढलं आणि १८४८ मध्ये त्यात या नकलाकारांचा कडक शब्दांत समाचार घेतला. स्वतःचं पत्र काढावं लागलं, हे लक्षात घ्या. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात मुंबई इलाख्यातल्या पत्रांबद्दल हेच दाखवून दिलं होतं, की बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नाही. त्या ‘मूकनायक’ची पैसे देऊन जाहिरातही ‘केसरी’नं छापली नव्हती.

आता मुंबई.

१८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सॅन फ्रान्सिस्को मिन्स्ट्रेल्स’ ही मंडळी ऑस्ट्रेलियाकडून हिंदुस्थानात आली. तिच्यातला डेव्ह कार्सन हा अमेरिकन इथेच रमला आणि पुढची कित्येक वर्षं मुंबई-कलकत्त्यात खेळ करत राहिला. अमेरिकेतल्या काळ्या गुलामाचं सोंग इथल्या साहेबांना किती दिवस पुरणार? कार्सननं चलाखी केली. बूच तेच, काजळी तीच. फक्त खाली हिंदुस्थानी माणूस बसवला. मोडकं इंग्रजी बोलणारा ‘बंगाली बाबू’ हे त्याचं गाजलेलं गाणं. मॅथ्यूजनं काळ्या नटाच्या तोंडी शेक्सपिअर मोडला होता, कार्सननं बाबूच्या तोंडी इंग्रजी मोडलं. गिऱ्हाईक बदललं, साचा तोच राहिला.

यावर कलकत्त्यात उत्तर आलं. १८७३ साली अर्धेन्दुशेखर मुस्तफी या बंगाली नटानं साहेबाचीच नक्कल करून कार्सनच्या ‘पक्का तमाशा’ला आपल्या ‘पक्का तमाशा’नं तोड दिली. राष्ट्रीय स्वाभिमानाचा क्षण म्हणून बंगाली नाट्य-इतिहासात हे मोठ्या प्रेमानं सांगतात. मुस्तफीच्या धाडसाला दाद द्यायलाच हवी. पण मला एक गोष्ट खटकते. बाबूला राग आला तो कशाचा? आपल्याला काळ्या गुलामाच्या रांगेत बसवलं याचा, की माणसाचं असं माकड करणंच वाईट आहे याचा? दुसरा प्रश्न पडला असता तर त्या गुलामाची नक्कल चालू होती तोवरही तो पडला असता.

तो प्रश्न पडलेला माणूस त्याच १८७३ साली पुण्यात होता. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. कार्सनच्या खेळात अमेरिकेचा काळा माणूस म्हणजे चेष्टा. जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेत तो आपला नातलग. मुंबई-पुण्यात एकाच काळात या दोन्ही गोष्टी होत्या, आणि आपल्या पाठ्यपुस्तकी इतिहासात त्या कधी एका पानावर येत नाहीत.

‘गुलामगिरी’त जोतीरावांनी आणखी एक काम केलं, त्याचा रंगभूमीशी थेट संबंध आहे. त्यांनी ‘राक्षस’ हा शब्द उलगडला: राक्षस म्हणजे रक्षण करणारे, इथले मूळचे लोक. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झालं नोव्हेंबर १८४३ मध्ये. त्याच वर्षाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’चा पहिला खेळ झाला होता. तारखांचा हा निव्वळ योगायोग, मी त्यातून संबंध काढत नाही. पण भावे पद्धतीच्या नाटकांतली ती राक्षसपार्टी आठवा. आरडाओरडा, उड्या, अक्राळविक्राळ रंगवलेली तोंडं. ज्यांची भाषा म्हणजे आरोळी आणि अंत म्हणजे वध, असे ते सोंग. देव सभ्य बोलतो, राक्षस किंचाळतो. जोतीरावांचा अर्थ मान्य केला तर हे आपल्या पूर्वजांचं ब्लॅकफेसच आहे, आणि मराठी रंगभूमीचा वाढदिवस आपण त्यावरून मोजतो.

तमाशाचं काय, असं कोणी विचारेल. माळेगावच्या यात्रेत फड बघत मोठे झालेले वाचक तर नक्कीच विचारतील. तमाशा आणि मिन्स्ट्रेल एकच, असं म्हणणं आळशीपणाचं ठरेल. मिन्स्ट्रेलमध्ये वरचा माणूस खालच्याचं सोंग घेतो. फडात महार-मांग कलावंत स्वतःच उभा असतो आणि त्याचा सोंगाड्या वेळ आली की पाटलाचीही टर उडवतो. पण मिन्स्ट्रेलचाही एक दुसरा अंक आहे. यादवी युद्धानंतर अमेरिकेत काळ्या कलावंतांच्याच मंडळ्या निघाल्या आणि त्यांनाही तोंडाला काजळी लावावी लागली. बर्ट विल्यम्ससारखा मोठा नट जन्मानं काळा असून बूच फासून उभा राहायचा, कारण तिकीट घेणाऱ्याला काळा माणूस नको होता, त्याच्या डोक्यातला काळा हवा होता. तमाशा याच्याजवळ बसतो. कला आपली, गळा आपला, पण कलावंतिणीनं कसं असावं हे ठरवणार समोरचा पैसेवाला. म्हणून १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तेव्हा त्यांनी ढोलकी टाकली नाही. गण-गौळणीतला मजकूर बदलला. गुलामीची जाणीव करून देणारी माणसं त्याच फळीवर उभी केली.

आणि आता आपली स्नेहसंमेलनं. डिसेंबर-जानेवारीत नांदेड, लातूर, उदगीर, कुठेही जा. कार्यक्रमपत्रिकेत ‘आदिवासी नृत्य’ असतंच. पोरांच्या अंगाला काळा रंग, कमरेला पानं, हातात भाला, तोंडात कुठल्याच भाषेत नसलेले शब्द. पालक मोबाईलवर शूटिंग करतात. याच नांदेड जिल्ह्यात किनवट तालुका आहे. तिथे गोंड, कोलाम, आंध राहतात. त्यांच्या बोली आहेत, त्यांची मुलं शिकायला शहरात वसतिगृहांत राहतात आणि तेच संमेलन मागच्या रांगेत बसून बघतात. पालकांचा हेतू वाईट नसतो, हे मान्य. पण जिम क्रोला टाळ्या वाजवणाऱ्या लंडनकरांतही गुलामगिरीविरोधी अर्जांवर सह्या करणारे असणारच.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. सत्यजित राय यांनी १९७० च्या ‘अरण्येर दिन रात्री’त संथाळ मुलगी उभी केली, ती सिमी गरेवालला काळा रंग लावून. २०१९ च्या ‘बाला’त भूमी पेडणेकरला आणि ‘सुपर ३०’मध्ये हृतिक रोशनला गडद केलं. गरीब, सावळा माणूस दाखवायला सावळा नट या देशात मिळत नाही, असं यांचं म्हणणं असावं! नागराज मंजुळेंना ‘फँड्री’साठी सोमनाथ अवघडे मिळाला, त्याला रंग लावावा लागला नाही. बीबीसीनं ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ १९५८ पासून १९७८ पर्यंत चालवला. वीस वर्षं तक्रारी होत होत्या आणि वीस वर्षं ‘निखळ करमणूक’ हेच उत्तर होतं.

१९७८ साल आपल्याला वेगळ्या कारणानं पाठ आहे. नामांतराच्या ठरावानंतर आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले, आणि छापून आलेला शब्द होता ‘दंगल’. दंगल दोघांत होते. त्यामुळे जुनी पत्रं वाचताना कोणता शब्द कोणी निवडला, हे तपासायची सवय आपल्याला तरी हवीच.

कार्सनच्या काळातल्या मराठी पत्रांत त्याच्याबद्दल काय आलं, हे कोणी तरी बसून शोधायला हवं. ‘ज्ञानप्रकाश’, ‘ज्ञानोदय’, पुढे १८७७ पासूनचं कृष्णराव भालेकरांचं ‘दीनबंधु’. इंग्रजी पत्रांसारखं इथे शब्द टाकून पान उघडत नाही, पान न् पान उलटावं लागतं. आमच्या पोरांना पीएच.डी.साठी तोच तो विषय देणाऱ्या मार्गदर्शकांनी हा विषय देऊन बघावा. आणि ज्यांना ग्रंथालयात जाणं शक्य नाही, त्यांनी निदान इतकं करावं: येत्या हंगामात आपल्या तालुक्याच्या पुरवणीत काळ्या रंगातल्या पोरांचा फोटो छापून आला, तर ते कात्रण पत्राचं नाव, तारीख आणि फोटोखालच्या ओळीसकट जपून ठेवावं.