स्ट्रेस फ्रॅक्चरचा रिपोर्ट: रेडिओलॉजिस्टच्या निरंतर शिक्षणाची कसोटी

१. प्रश्न

महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. परिषदा, कार्यशाळा आणि व्याख्याने यांतून ते मिळतात. अट योग्यच आहे, पण तिच्यात मोजली जाते ती हजेरी. रेडिओलॉजिस्टचे ज्ञान उतरते ते रिपोर्टात. म्हणून हाडे, सांधे आणि स्नायू यांच्या प्रतिमांविषयीच्या निरंतर शिक्षणाला विचारण्याजोगा खरा प्रश्न असा: शिकल्यावर रिपोर्ट बदलला का, आणि त्यामुळे रुग्णाचे नुकसान टळले का? स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार पडणाऱ्या भाराने हाडाला होणारी इजा, या एका दुखापतीच्या आधारे हा प्रश्न तपासता येतो, आणि त्यासाठी खडकवासल्याचा परिसर फार सोयीचा आहे.

२. परिसर

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची मुले दाखल होतात आणि तीन वर्षे ड्रिल, धावणे, अडथळ्यांचा सराव यांत घडतात. ऑगस्ट २०२२मध्ये मुलींची पहिली तुकडी आली. तिच्यातील १७ जणी ३० मे २०२५ रोजी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. लष्करी प्रशिक्षणात स्त्रियांना, विशेषतः जांघ आणि ओटीपोटाच्या हाडांत, स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका अधिक असतो, हे जगभरच्या अनुभवातून सिद्ध झाले आहे.

प्रबोधिनीच्या कुंपणाबाहेरही धावणारे पाय आहेत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाली की गावोगावची मुले पहाटे डांबरी रस्त्यावर उतरतात. सुट्टीच्या दिवशी सिंहगड चढणाऱ्यांची भर वेगळीच. छात्राच्या पाठीशी लष्करी वैद्यकीय व्यवस्था असते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाजवळ मात्र बहुधा एक एक्स-रे आणि त्यावरचा दोन ओळींचा रिपोर्ट एवढेच असते.

३. हाडात काय घडते

प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५मध्ये कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले. ते दुखणे म्हणजे पावलातील लांब हाडांचा भंग होता, हे क्ष-किरणांच्या शोधानंतर १८९७मध्ये दिसून आले.

भार वाढला की हाड स्वतःची पुनर्रचना करते. जुने हाड पोखरले जाण्याचे काम काही आठवड्यांत उरकते; नवे हाड भरून पक्के व्हायला महिने लागतात. मधल्या काळात हाड कमकुवत असते आणि सराव तर वाढतच असतो. म्हणूनच अचानक सराव सुरू केल्यानंतरचे पहिले काही आठवडे धोक्याचे. या टप्प्यावर हाडाच्या मगजात सूज असते, भेगेची रेषा नसते. एमआरआयमध्ये ही सूज दिसते. एक्स-रे मात्र बहुतेकदा निर्दोष दिसतो. त्यावर खूण उमटायला दोन-तीन आठवडे किंवा अधिकही लागतात.

४. शिकण्याचे तीन स्तर

पहिला स्तर तंत्राचा. पायाच्या नडगीसाठी १९९५मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवर आधारित श्रेणी मांडली: आधी हाडावरच्या आवरणाची सूज, मग मगजातील सूज केवळ टी२ प्रतिमांत, पुढे ती टी१ प्रतिमांतही, आणि शेवटी हाडाच्या कठीण भिंतीतील बदल. ही भिंत आडव्या छेदांतच नीट दिसते. ते छेद घेतले नाहीत, तर उत्तम वाचकालाही श्रेणी ठरवता येणार नाही.

दुसरा स्तर जागेचा. मांडीच्या हाडाच्या मानेवर खालच्या आतल्या बाजूला दाब पडतो. तिथली अपुरी भेग बहुधा विश्रांतीने भरते. वरच्या बाहेरच्या बाजूला ताण पडतो. तिथली भेग सरकू शकते, हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि अठराव्या वर्षी खुबा निकामी होऊ शकतो. ती दिसली की तातडीने ऑर्थोपेडिक सर्जनला फोन करायचा असतो. रिपोर्टात ‘मानेत भेग’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या बाजूला, आणि रुंदीच्या किती भागात, हे लिहावेच लागते.

तिसरा स्तर भ्रमाचा. याच वयात युइंग सार्कोमा, ऑस्टिऑइड ऑस्टिओमा आणि हाडाचा जंतुसंसर्ग होतो. ड जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने होणारे फसवे भंगही मानेच्या आतल्या बाजूलाच दिसू शकतात. कटीच्या हाडाची वाढकेंद्रे या वयात पूर्ण जुळलेली नसतात. त्यांना भेग समजण्याची चूक होते आणि उलट, स्नायूने ओढून सुटलेला तुकडा नजरेतून निसटतो.

५. शिक्षणाची रचना

हे तीनही स्तर व्याख्यानात सांगता येतात. अंगवळणी मात्र स्वतःच्या रिपोर्टांचा पाठपुरावा केल्यानेच पडतात. नडगी किंवा जांघ दुखते म्हणून आलेल्या तरुणांचे एक्स-रे वेगळे नोंदवावेत. काही आठवड्यांनी त्यांचे पुढे काय झाले ते उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून जाणून घ्यावे. महिन्यातून एकदा रेडिओलॉजिस्ट आणि ऑर्थोपेडिक सर्जन यांनी एकत्र बसून, नावे झाकून, ती प्रकरणे पुन्हा वाचावीत. निदान चुकले तर ते कोणत्या स्तरावर, हे ठरवावे: प्रतिमाच अपुरी होती, खूण नजरेतून सुटली, की अर्थ चुकला? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

अशा बैठकीतून सर्वांत आधी वाक्य बदलते. ‘भंग दिसत नाही’ हे विधान खरे असूनही घातक ठरू शकते, कारण मुलगा ते वाचून दुसऱ्या दिवशी पुन्हा धावतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘एक्स-रेवर भंग दिसत नाही, सुरुवातीचे स्ट्रेस फ्रॅक्चर यावरून नाकारता येत नाही. जांघेत दुखत असल्यास एमआरआय होईपर्यंत त्या पायावर भार देऊ नये.’

६. आक्षेप

एकट्याने केंद्र चालवणाऱ्याला वेळ कुठून मिळणार, आणि भरतीच्या मुलाला एमआरआय कसा परवडणार? दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. वेळेसाठी शेजारच्या दोन-तीन केंद्रांनी मिळून बैठक घ्यावी. खर्चासाठी, दोन्ही खुबे एकत्र टिपणारी टी१ आणि चरबीचा सिग्नल दाबलेली प्रतिमा, एवढी छोटी तपासणीही मुख्य प्रश्नाचे उत्तर बहुधा देते. तीही शक्य नसेल, तर विश्रांती आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे हा मार्ग रिपोर्टात लिहिता येतो. मात्र जांघेच्या दुखण्यात असे थांबणे धोक्याचे, तिथे एमआरआयसाठी आग्रहच धरावा.

७. निष्कर्ष

क्रेडिट पॉइंटची पद्धत राहावी, पण त्यातील काही गुण अशा पाठपुराव्याच्या बैठकांसाठी राखून ठेवावेत. व्याख्यानातून जगाचे ज्ञान मिळते, स्वतःच्या रिपोर्टाच्या परिणामातून स्वतःच्या वाचनाचे. वर्दीची आस धरून धावणाऱ्या मुलामुलींना दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणाची गरज अधिक आहे, कारण त्यांचे वेळेत थांबणे किंवा कायमचे अधू होणे रिपोर्टाच्या एका वाक्यावर ठरू शकते.