मुक्कामाचा कंदील



स्मरणिकेसाठी कोणी काय लिहायचे याची वाटणी चालू होती. विणेकऱ्यांच्या परंपरेवर लिहिणारे होते, अन्नदात्या गावांवर लिहिणारे होते. मी म्हटले, मी कंदिलावर लिहितो. दोघे-तिघे हसले. पण माउली, शंभर वर्षे आपली दिंडी निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरीला चालते आहे, आणि त्यातला बराच काळ अंधारातला आहे. पहाटे तीन-साडेतीनला उठायचे, अंघोळी, काकडा, उजाडायच्या आत वाटेला लागायचे. रात्री कीर्तन संपून पंगत उठेपर्यंत अकरा. हे सगळे कुठल्या उजेडात झाले, ते आज सांगणारी माणसे फार उरली नाहीत. शिवाय यंदा मंडळापुढे प्रश्न आला आहे, की विण्याजवळचा जुना कंदील पुढेही न्यायचा की पेटीत ठेवून द्यायचा. तेव्हा हा इतिहास सांगून ठेवलेला बरा.

आधी चंद्राचे बघू, कारण जुनी माणसे दिव्याचा हिशेब चंद्रावरून करीत. आपली पालखी ज्येष्ठी पौर्णिमेच्या आसपास निघते. सातपूर, नाशिक, पळसे, मग सिन्नर तालुक्यात दातलीचे रिंगण, खंबाळे, असे पहिले दिवस. हा वद्य पक्ष. चंद्र रात्री उशिरा उगवतो, म्हणजे कीर्तनाला अंधार, पण पहाटे चालताना तो डोक्यावर असतो. नगर जिल्ह्यात कुठेतरी अमावस्या गाठते. तिथे दोन्ही वेळा अंधार, आणि तेल सगळ्यांत जास्त तिथेच लागे. पुढे आषाढाचा शुद्ध पक्ष लागला की उलटे होते. संध्याकाळी चंद्र, कीर्तनाला चांदणे, पण पहाटेपर्यंत तो मावळलेला. करकंब ओलांडून पंढरी जवळ येते तेव्हा दशमीचा चंद्र असतो, आभाळ मोकळे असले तर. म्हणजे निघताना दिवा संध्याकाळी जास्त लागतो आणि पोहोचताना पहाटे. आमचे आजोबा दिंडीचे दिवे सांभाळत. ते निघायच्या आधी पंचांग घेऊन बसत आणि घासलेट किती घ्यायचे ते बोटांवर मोजत. तेव्हा मला ती गंमत वाटे. आता मी स्वतः मोजतो.

घासलेट यायच्या आधी काय होते? चिंध्यांचा पीळ तेलात भिजवून पेटवायचा, तो काकडा. त्याच्या उजेडात पहाटेची आरती, म्हणून ती काकड आरती. आपल्या नित्यनेमातच दिव्याचे नाव राहून गेले आहे, आणि आपण रोज घेतो तरी लक्षात येत नाही. वाटेवर दिवटी किंवा मशाल, मुक्कामाला पणती. तेल करडईचे, नाहीतर एरंडीचे. या दिव्यांना वारा सोसत नाही. मशाल वाऱ्यात टिकते, पण तिच्या ठिणग्या उडतात, आणि बैलगाडीत वैरण भरलेली. त्यामुळे ती गाडीपासून लांब, पुढे चालवावी लागे.

मग घासलेट आले. 'गॅस-लाइट'चे आपल्या तोंडी घासलेट झाले, 'रॉक-ऑइल'चे रॉकेल झाले. तेल संपले की रिकामा पत्र्याचा डबा कामाला येई. अठरा लिटरचा तो डबा दिंडीत पाण्याला, आमटीला, कशालाही चालायचा. त्याबरोबर आला वादळी कंदील. 1870 च्या आसपास अमेरिकेत त्याची घडण पक्की झाली, आणि आपल्याकडे तो जर्मनीतूनही येऊ लागला. त्याची करामत बाजूच्या दोन नळ्यांत आहे. बाहेरची हवा वरून या नळ्यांत शिरते आणि खाली येऊन ज्योतीला मिळते. ज्योतीला लागणारी हवा अशी वळसा घालून येते, म्हणून वारा थेट ज्योतीवर आदळत नाही. जोराची झुळूक आली तर तिचा दाब ज्योतीच्या खालून आणि वरून सारखाच पडतो, ज्योत हलते पण विझत नाही. मोकळ्या माळावर पाल ठोकणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी सोय कोणती?

आपल्या दिंडीतला कंदील मात्र परदेशी नाही, तो प्रभाकर आहे. कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंनी 1916 साली काचेचा कारखाना काढला, ती ओगलेवाडी. त्याआधी 1908 साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला तो कारखाना. हा सगळा स्वदेशीचा काळ. ओगल्यांच्या कारखान्यातून पुढे प्रभाकर कंदील निघाला आणि घराघरांत गेला. प्रभाकर म्हणजे सूर्य. आजोबा म्हणत, नाव जरा मोठेच आहे, पण उजेड वाईट नाही.

त्यांची पारख मी पाहिली आहे. दुकानात ते उजेड बघतच नसत. आधी कंदील कानाशी धरून हलवत, टाकी कुठे झिरपते का ते बघायला. मग काच वर उचलायचा खटका दहा वेळा वर-खाली करत. पावसात ओल्या हातांनी काच उचलता आली पाहिजे, नाहीतर काडीपेटीच्या सगळ्या काड्या वाया. मग वातीची चकती फिरवून बघत. शेवटी कडीला धरून चार पावले चालत. हातात लटकवल्यावर मांडीला चटका लागतो का, हा त्यांचा प्रश्न असे. दुकानदार वैतागे. रोजचे कामही ठरलेले होते. सकाळी काच चुलीच्या राखेने पुसायची, वात कात्रीने सरळ कापायची, कोपरे किंचित गोल. कोपरे राहिले तर ज्योतीला शिंगे फुटतात आणि काच काजळते.

1942 साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला. आपले घासलेट बरेचसे तिथूनच येई. तुटवडा असा झाला की खेडोपाडी पुन्हा पणत्या लागल्या. दिंडीत त्या दिवसांत मेणबत्तीचा कंदील आला, असे आजोबा सांगत. पत्र्याची चौकोनी पेटी, तीन बाजूंना काच, एका बाजूला दार, वर धूर जायला टोपी. त्याचे गुण आहेत. सांडत नाही, वास नाही, भाकरीच्या पिशवीत ठेवला तरी भाकरीला घासलेटाची चव लागत नाही. पण उजेड एका मेणबत्तीचा तो एकाच मेणबत्तीचा. ज्येष्ठातल्या उन्हात मेणबत्त्या पिशवीत वाकड्या होऊन एकमेकींना चिकटतात. त्यामुळे पंढरीच्या वाटेपेक्षा तो पौष वारीला जास्त चालला. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला नाथांची यात्रा, थंडी कडाक्याची, आणि लहान पालात तेवढीशी ज्योतही ऊब देते.

इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. मी तरुण होतो तेव्हाची. त्र्यंबकच्या यात्रेत आमच्या पालातल्या त्या कंदिलाची एक काच फुटलेली होती. बदलायची होती, राहून गेली. ते काम माझ्याकडे होते. रात्री कोणाचा तरी पाय लागला, कंदील कलंडला आणि खाली अंथरलेले गवत पेटले. घोंगड्या टाकून विझवले, पण एका म्हाताऱ्या मावशींचा हात भाजला. तो हात पुन्हा नीट मिटला नाही. पुढे त्या टाळ वाजवत नसत, नुसत्या मांडीवर ठेवत. मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या वर्षापासून आपल्या दिंडीत पालाच्या आत उघडी ज्योत न्यायची नाही असा नियम झाला, तो आजही आहे. नव्या मुलांना तो जाच वाटतो, म्हणून कारण सांगितले. दुसरेही एक कारण आहे. थंडीत पालाची सगळी तोंडे बंद करून आत शेगडी किंवा दिवा जळत ठेवला तर विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

गॅसबत्तीचा काळ पुष्कळांना आठवत असेल. बर्लिनच्या कारखान्याची पेट्रोमॅक्स इतकी पसरली की कुठल्याही बत्तीला तेच नाव पडले. तीनशे-चारशे मेणबत्त्यांचा उजेड! कीर्तनकाराचा चेहरा मागच्या माणसाला पहिल्यांदा नीट दिसला तो तिच्यामुळे. स्पिरिटने तापवायची, पंप मारायचा, मग जाळीदार मेंटल फटकन पांढरे होई. ते मेंटल ऑस्ट्रियाच्या वेल्सबाख नावाच्या शास्त्रज्ञाने काढले, आणि त्याला लागणारे थोरियम पुढे आपल्याच त्रावणकोरच्या समुद्रकाठच्या वाळूतून जर्मनीला जाऊ लागले. आपली वाळू तिकडे गेली आणि मेंटल होऊन परत आली. पण चालत्या दिंडीला बत्ती सोयीची नव्हती. जळलेले मेंटल म्हणजे नुसती राख, बैलगाडीचा एक हिसका बसला की खलास. म्हणून बत्ती कीर्तनाला आणि कंदील वाटेला, अशी वाटणी कित्येक वर्षे चालली.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. पळशाजवळ एकलहऱ्याचे वीज केंद्र उभे राहिले, गावोगाव तारा आल्या, बैलगाडीचा ट्रक झाला, ट्रकमागे जनरेटर आला. रेशनवरचे रॉकेल आटत गेले. ओगल्यांचा कारखानाही बंद पडला. जनरेटरबद्दल माझे मत मंडळाला ठाऊक आहे. त्याच्या घरघरीत पखवाजाचा बाया भाग ऐकूच येत नाही, मग मृदंगमणी जोरात वाजवतात, मग माइकचा आवाज वाढवतात, आणि शेजारच्या दिंडीचे कीर्तन मोडते. सौरदिवे त्यापेक्षा पुष्कळ बरे. दिवसभर ट्रकच्या टपावर ठेवावेत, रात्री पालात टांगावेत. मावशींच्या वेळी ते असते तर!

पण खरी काळजी रस्त्याची आहे. पूर्वी पहाटेच्या वाटेवर समोरून बैलगाडीच यायची. आता महामार्ग आहे, भरधाव ट्रक आहेत, आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरला कंदिलाची पिवळी ज्योत दिसत नाही. तिथे कंदिलाचा हट्ट धरू नये. दिंडीच्या शेवटच्या ओळीत दोघांच्या हाती लाल चमकणारे दिवे हवेत, पताकावाल्यांच्या पाठीला चकाकणारी पट्टी हवी, आणि हे उजाडेपर्यंत काढायचे नाही.

प्रभाकर राहिला तो विण्याजवळ. मोकळ्या मंडपात, खांबाला टांगून, काच शाबूत असेल तरच. यंदा त्याची टाकी झिरपत होती. नाशकात भांडीबाजारात घेऊन गेलो. तिथल्या कारागिराने उलटीपालटी करून पाहिली, डाग लावला आणि पैसे विचारले तर म्हणाला, "पंढरीला नेताय ना? मग राहू द्या." काच मात्र त्या मापाची मिळाली नाही. कोणाच्या माळ्यावर जुना प्रभाकर पडला असेल तर निघायच्या आधी काच तेवढी आणून द्यावी.