तरता सेतू : बंध आणि पंथ

‘पूल’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. संस्कृत ‘सेतु’ मात्र ‘सि’ म्हणजे बांधणे या धातूपासून सिद्ध होतो; बांध हाही त्याचा एक अर्थ होय. उलटपक्षी, पुलास लॅटिनमध्ये ‘पोन्स’ म्हणत आणि हा शब्द संस्कृत ‘पन्थन्’ म्हणजे वाट याचा सगोत्र आहे. बंध आणि पंथ या दोन अर्थांचा मेळ घालणे तरत्या पुलाच्या बाबतीत किती बिकट ठरते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

तरत्या पुलाचा भार तळावर नसून पाण्यावर असतो. नौका जितके पाणी बाजूस सारते तितक्या पाण्याच्या वजनाएवढा भार ती पेलते. म्हणून जेथे पाणी खोल किंवा तळ मऊ गाळाचा असेल, अथवा सैन्यास त्वरेने पैलतीर गाठावयाचे असेल, तेथे हा पूल सोयीचा पडतो. खरी अडचण भाराची नसून प्रवाहाची व वाऱ्याची असते.

इ. स. पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस याने ग्रीसवरील स्वारीसाठी हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर असे दोन पूल बांधविले. तत्पूर्वीचे पूल वादळाने मोडले, तेव्हा त्याने समुद्रास तीनशे फटके मारविले, असे हेरोडोटस सांगतो. पुढे एका पुलास ३६० व दुसऱ्यास ३१४ जहाजे लावून ती नांगरांनी आणि जवस व पपायरस यांच्या जाड दोरांनी जखडण्यात आली. तरीही लहान नावांसाठी फट ठेवावी लागलीच. सैन्य पार झाले. परंतु परतीच्या वेळी वादळाने बंध तुटलेले आढळले.

हुगळी नदीवर हावड्यास १८७४ मध्ये ब्रॅडफर्ड लेस्ली यांच्या योजनेनुसार १५२८ फूट लांबीचा तरता पूल खुला झाला. जहाजांसाठी त्याचा सुमारे २०० फुटांचा भाग बाजूस न्यावा लागे आणि तोवर रस्त्यावरील रहदारी खोळंबे. एकाची वाट मोकळी होताच दुसऱ्याची बंद होई. १९४३ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या पुलाचा एकही खांब नदीपात्रात नाही.

तथापि तरता पूल कालबाह्य झालेला नाही. प्रयागच्या कुंभमेळ्यात गंगेवर पिपांचे पूल उभारले जातात आणि मेळा संपला की सोडविले जातात. ज्याचा बंध सहज सुटू शकतो तोच तरता पूल नदीशी नांदतो, असे या इतिहासावरून म्हणता येईल.